सदतीस ओट्यांचा प्रचार

विधानसभेला उभ्या राहणाऱ्या बाईनं प्रचाराला जाताना सोबत काय न्यावं, याची यादी मी निघण्यापूर्वी केली होती. पाण्याच्या बाटल्या, पायाला लावायचं तेल, घशासाठी ज्येष्ठमध, परवानग्यांच्या तीन-तीन प्रती, सेफ्टी पिना, टॉर्च, चपलांचे दोन जोड. एकूण बावीस गोष्टी होत्या. त्यात रिकाम्या पिशव्या नव्हत्या. पुढेमागे कुणाला जायचं असेल तर पिशव्या घ्याव्यात. निदान चार.

मी नागपूरला प्रताप नगरात राहते. एका महाविद्यालयाच्या कार्यालयात अठ्ठावीस वर्षं काम करून स्वेच्छानिवृत्ती घेतली. आमचा पक्ष तिसरा. म्हणजे दोन मोठ्या आघाड्या आपसात भांडतात आणि त्यांच्यामधल्या फटीत आम्ही उभे असतो. काटोलकडच्या जागेला उमेदवार मिळत नव्हता. माझं माहेर त्या भागातलं. बैठकीत उमेदवारांची यादी माझ्याच हातात होती. त्या एका रिकाम्या रकान्यावर अर्धा तास कुणी बोलेना, तेव्हा मी तिथं माझं नाव लिहून टाकलं आणि पुढचा विषय घेतला.

घरी आल्यावर यजमान म्हणाले, "निवडून येणार नाहीस, हे माहीत आहे ना?"

"माहीत आहे."

"मग जेवायला घरी, की तिकडेच?"

"तिकडेच."

एवढीच चर्चा झाली. निवडून येणं माझ्या मनात नव्हतंच. मला एक साधी गोष्ट हवी होती: त्या गावांमधून आमच्या पक्षाशी ओळख ठेवणाऱ्या बायकांची नावं. पुरुष आमच्याकडे होते, मोजके आणि जुने. बायका नव्हत्या. चौदा दिवसांत पन्नास नावं मिळाली तर फेरी वाया गेली नाही असं समजायचं, असं मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं.

काटोल

मुक्काम मनोहरभाऊंकडे, वरच्या खोलीत. मनोहरभाऊ आमचे तालुकाध्यक्ष. बसस्थानकासमोर त्यांचं झेरॉक्सचं दुकान आहे, आणि एक जुनी व्हॅन आहे, तिचा मागचा दरवाजा दोरीनं बांधावा लागतो. तालुक्यातली पक्षाची यंत्रणा म्हणजे मनोहरभाऊ, व्हॅन आणि दोरी.

नोव्हेंबर महिना होता, संत्र्याचा आंबिया बहार तोडणीला आलेला. सकाळी बाजारात संत्र्यांचे ढीग आणि त्यांच्याभोवती भाव ऐकायला बसने आलेले शेतकरी. पहिल्या सकाळी तिथंच तर्री-पोहे खाल्ले. नागपुरात पोह्यांवर झणझणीत तर्री घालण्यापूर्वी विचारतात. काटोलला विचारलं नाही. पहिल्याच घासाला जोराचा ठसका लागला आणि चौदा दिवस पुरवायचा घसा भाषणाआधीच बसला.

बाकावर शेजारी एक म्हातारे गृहस्थ आमचं पत्रक लांब धरून वाचत होते. आम्हाला मिळालेलं चिन्ह कपाट होतं.

"कपाट म्हंजे?"

"आलमारी, काका," मनोहरभाऊ म्हणाले.

"मंग आलमारी लिहा ना गा. कपाट काहून लिहिलं?"

त्यांचं बरोबर होतं. मी स्वतः घरी आलमारीच म्हणते. पण पत्रक छापताना कार्यालयाची सवय आडवी आली आणि मी आयोगाच्या चिन्हांच्या यादीतला शब्द जसाच्या तसा उतरवला. पत्रकं छापून झाली होती.

"अन् बाई, तुमी कोणाचे मतं खायले उभ्या राहिल्या?"

हा प्रश्न पुढं रोज आला. तिसऱ्या पक्षाचा उमेदवार उभा राहत नाही, खायला बसतो, अशी समजूत आहे. मी बसलेल्या आवाजात म्हटलं, "कुणाचीच नाही काका. मला माझी हवीत."

"हे पोहे नाही खाणं होऊन राहिले तुमच्यानं. मतं काय खानार."

गावं

दिवसाला पाच गावं. दोन्ही बाजूंना बागा, फळांनी वाकलेल्या फांद्यांना बांबूचे टेकू, मध्येच कापसाचं एखादं पांढरं शेत. हे सगळं सुंदर आहे, आणि पाचव्या दिवसानंतर ते दिसेनासं होतं. मग फक्त गावाची वेस आणि तिच्यापासून शेवटच्या घरापर्यंतचं अंतर दिसतं.

पुरुष देवळापाशी बसलेले असत. त्यांच्यासाठी मी वहीत तीन रकाने आखले होते: हो, नाही, सांगता येत नाही. तिसरा भराभर भरत गेला. तो पाहून मनोहरभाऊ म्हणाले, "ताई, 'पाहू ना' म्हंजे नाही. 'विचार करून राहिलो' म्हंजेबी नाही. अन् 'मत तुमचंच हाये' म्हणणाऱ्याले तं आधी नाहीत टाका." त्यानंतर मी रकाने आखणं सोडलं.

ओटी पहिल्यांदा भरली गेली ती दुसऱ्या दिवशी. पत्रक देऊन वळले तर मागून आवाज आला, "थांबा वं ताई," आणि पाट मांडला गेला. कुंकू, तांदूळ, नारळ, ब्लाउजपीस. आमच्याकडे प्रताप नगरात ओटी हळदीकुंकवाला भरतात, तीही हातात पाकीट दिल्यासारखी. तिथला ब्लाउजपीस शिवायचा नसतो, फिरवायचा असतो. एक जांभळा तर मी स्वतः दिला आणि दोन वर्षांनी मलाच परत आला. इथं मात्र बाई पेटी उघडायची, दोन-तीन पीस काढून माझ्या साडीवर धरून पाहायची आणि शोभेल तो द्यायची. दारावर आलेली बाई रिकाम्या ओटीनं पाठवत नाहीत. मग ती शेजारीण असो, नणंद असो, की उमेदवार.

घेतलेली ओटी कधीतरी परत भरायची असते. म्हणून मी वहीत नवीन पान काढलं, वर लिहिलं 'ओटी: परत भरायच्या', आणि खाली नाव, गाव, रंग. सातव्या दिवशी लक्षात आलं की मला हवी असलेली यादी हीच. वेगळी करायला नको.

आता त्या यादीतल्या एकीविषयी. तिचं नाव सुमन. नाव लिहायला मी तिला विचारलं आहे. गावाचं नाव लिहीत नाही. तिच्या घरावर एका मोठ्या पक्षाचा झेंडा होता. मनोहरभाऊ म्हणाले, "हे घर सोडा. याचा मालक त्याइचा बूथ सांभाळते." आम्ही पुढं निघालो, तर बोळातून एक ओला हात हलला.

"इकडून या वं. पुढून नका."

मागच्या अंगणात संत्र्यांचे क्रेट रचलेले होते. सुमन पस्तिशीची असेल, बोलता बोलता काम करणारी. तिनं हिरवा पीस काढला, तांदूळ घातले आणि वर दोन संत्री ठेवली.

"नारळ नाही घरात. संत्रं चालते ना?"

"चालतं की."

"आमच्या घरी सगळीकडं संत्र्यालेच चालावं लागते." मग कुंकू लावता लावता म्हणाली, "मत तुमाले नाही देणार, आधीच सांगते. ओटी वेगळी, मत वेगळं."

"मग बोलावलं काहून?" माझ्याही तोंडी आता काहून आलं होतं.

"बाई उभी राहिली म्हणे, तं जवळून पाहाची होती." तिनं कुंकवाची डबी मिटली. "पण कोणाले सांगू नका, ताई. हे बूथ सांभाळतात अन् बायको तिसरीची ओटी भरते, असं झालं तं पक्षवाले म्हणतीन, हा फुटला. गावात तोंड दाखवता येणार नाही त्याइले."

मी नाही सांगणार म्हटलं. हे वाक्य मी त्या चौदा दिवसांत अनेक घरांत बोलले. वहीतल्या निम्म्याहून जास्त ओट्या मागच्या दारानं भरलेल्या होत्या.

नाका

अकराव्या दिवशी संध्याकाळी काटोलकडे परत येताना तपासणी नाक्यावर गाडी थांबवली. एक तंबू, दोन खुर्च्या, व्हिडिओ काढणारा एक जण, एक महिला कॉन्स्टेबल आणि अधिकारी. अधिकारी मूळचे कृषी खात्याचे, निवडणुकीच्या कामाला जुंपलेले. डोळे लाल, पायात चपला, माझ्यासारखीच अवस्था.

"मागचं उघडा."

दोरी सोडायला मनोहरभाऊंना पाच मिनिटं लागली. दार उघडलं आणि एका फाटक्या पिशवीतून ब्लाउजपीस रस्त्यावर घसरले. वर हिरवा, खाली पिवळे, मोरपंखी, विटकरी. मागून एक नारळ गडगडत आला. कॅमेरा सुरूच होता.

अधिकाऱ्यांनी वाकून एक पीस उलटून पाहिला. "मॅडम, मतदानाला दिवस राहिले किती, अन् गाडीत नवे ब्लाउजपीस. वाटायला चालले?"

"वाटायला नाही. मला मिळाले आहेत. ओटीत."

"उमेदवाराची ओटी भरली लोकांनी? इतक्या?"

"बायकांनी."

"सर, खरं हाये," मनोहरभाऊ म्हणाले. "बारा वर्षं झाली पक्षात. आमाले एक टोपी नाही भेटली वाटायले, पीस कुठून आणतो."

अधिकाऱ्यांना हसू आलं, पण ते त्यांनी कॅमेऱ्याकडे पाहून आवरलं. मग ते जे बोलले ते अगदी रास्त होतं. "असं करा. नावं द्या. माणूस पाठवतो गावात. चार-पाच बायांनी हो म्हटलं, की पंचनामा नाही, काही नाही. माल तुमचा, रस्ता तुमचा."

वही माझ्या पर्समध्ये होती. नाव, गाव, रंग. इतका तयार पुरावा आयुष्यात कुणाकडे नसेल.

"माणूस कुणाला पाठवाल?" मी विचारलं.

"पोलीस असेल, गावातला एखादा पंच असेल."

म्हणजे पोलीस गावात शिरणार, पंचाला घेणार, आणि झेंडा लावलेल्या घरासमोर उभा राहून विचारणार: तुमच्या बायकोनं हिची ओटी भरली का? बाई नाही म्हणाली तर मी खोटी. हो म्हणाली तर तिचं पुढचं तिनं बघायचं. मी तिथं असणार नाही, नागपूरला असेन.

"नावं देत नाही," मी म्हटलं.

"मॅडम, तुमच्याच फायद्याचं सांगतो आहे."

"कळतं आहे. नाही देत."

"पर्स पहा," ते कॉन्स्टेबलला म्हणाले.

तिनं पर्स घेतली. तेल, ज्येष्ठमध, चष्म्याची डबी, वही. वही उघडून ती उभ्या उभ्या वाचू लागली. पान उलटलं. 'ओटी: परत भरायच्या' हे मला तिच्या बोटाखाली दिसत होतं. ती बोट एकेका नावावरून खाली नेत होती. एका ठिकाणी ते थांबलं. तिच्या ओळखीतली कुणी होती की काय, मला माहीत नाही. मग तिनं वही मिटली.

"घरची यादी हाये, सर," ती म्हणाली. "देण्याघेण्याची."

ते खरंही होतं. तिनं वही पर्समध्ये घालून चेन लावून परत दिली. माझ्याकडे पाहिलं नाही.

पंचनाम्याला दीड तास लागला. 'वाटपासाठी नेत असलेले' असं लिहायला मी हरकत घेतली, 'मिळालेले' लिहायला त्यांनी. शेवटी 'वाहनात आढळून आलेले' यावर जमलं. नवीन, न शिवलेले, नग सदतीस. नारळ आणि तांदूळ त्यांनी सोडून दिले. "खायच्या वस्तू राहू द्या," ते म्हणाले, आणि सहीसाठी आपलंच पेन पुढं केलं.

उरलेले दिवस

दुसऱ्या दिवशी सकाळी नाक्यावरचा व्हिडिओ सगळ्यांच्या मोबाइलवर होता. आमच्या अध्यक्षांचा पुण्याहून फोन आला.

"ताई, यादी आहे ना तुमच्याकडे? द्या की. उलट आपला प्रचारच होईल. सदतीस गृहिणींचा पाठिंबा."

"पाठिंबा नाही तो. ओटी आहे."

"फरक काय?"

मी कंटाळले होते. "यादी मिळणार नाही," एवढंच म्हटलं आणि फोन ठेवला.

गावांत आता आमची ओळख झाली होती. नळावर बायका विचारत, "आमच्या मोहल्ल्यात नाही वाटले वं?" बाजारात मोठ्या पक्षाचा एक कार्यकर्ता सगळ्यांसमोर म्हणाला, "ताई, वाटायचंच होतं तं साड्या वाटाच्या. नुसते पीस काय वाटता, अर्धवट काम." लोक हसले. मीही हसले, कारण उत्तर द्यायला घसा नव्हता.

ज्यांनी ओट्या भरल्या होत्या, त्यांच्या गावांतून एकदा परत जावं लागलं. त्या दिसल्या. एक धुणं वाळत घालत होती, ती चादरीमागे गेली. सुमन दारात उभी होती. तिनं मला पाहिलं, मी तिला, आणि ती आत गेली. मला राग आला नाही, पण पुढच्या गावी मी व्हॅनमधून उतरले नाही. मनोहरभाऊ एकटे पत्रकं देऊन आले.

मतदान झालं, मोजणी झाली. आम्ही तिसरे म्हणून गेलो होतो, पाचवे येऊन परतलो. यजमानांनी स्टेशनरीचं सामान वर टाकायला मदत केली आणि निकालाविषयी काही विचारलं नाही. कपाटाची उरलेली पत्रकं मी पाठकोरी म्हणून ठेवून दिली. ओटीची यादी मात्र ठेवायची की फाडायची, हे ठरेना. पक्षाच्या कामाला ती द्यायची नव्हती, आणि ओट्या परत भरायला त्या गावांत जायचं तर पुन्हा तेच. अशी निर्णयाविना पडलेली यादी माझ्या घरात दुसरी नव्हती.

पुन्हा काटोल

तीन आठवड्यांनी तहसील कचेरीतून पत्र आलं: जप्त मालाबाबत समक्ष हजर राहावे. मी बसने गेले. टेबलावरच्या कारकुनानं रजिस्टर उघडलं, आतून एक कागदी पाकीट आणलं आणि त्यातून हिरवा ब्लाउजपीस काढून माझ्यासमोर ठेवला.

"इथं सही करा."

"बाकीचे?"

"बाकीच्यांचा निर्णय व्हायचा आहे. याच्यापुरतं बयान आलं आहे, म्हणून हा सोडता येतो. नियमानं एकच."

मी बयान बघू का म्हणून विचारलं. त्यानं फाइल फिरवली. मतदानानंतरच्या आठवड्यातलं, हातानं लिहिलेलं, रेघ सोडून वर चढत गेलेल्या अक्षरात. सदर हिरवा ब्लाउजपीस मी माझ्या राजीखुशीनं ओटीत दिला. बाईनं मागितला नाही. तिनं मला काही वाटप केलं नाही. अजून विचारायचं असेल तर मला विचारावं, घरी येऊ नये. खाली सही, पूर्ण नाव, पूर्ण पत्ता.

मी सही केली. बाजारातून नारळ, तांदूळ आणि एक मोरपंखी पीस घेतला, आणि दुपारच्या बसनं सुमनच्या गावी गेले. या वेळी पुढच्या दारानं.

ती अंगणात संत्री निवडत होती. लहान एका क्रेटमध्ये, मोठी दुसऱ्यात.

"या. हे नागपूरले कळमन्याच्या बाजारात गेले माल घेऊन," ती म्हणाली. "असते तरी या म्हटलं असतं. आता लपवायचं काय राहिलं."

तिनं सांगितलं ते असं. व्हिडिओ तिनं नवऱ्याच्याच मोबाइलवर पाहिला. तो हसत होता, पाहा, बाई पीस वाटून राहिली. वरच हिरवा दिसत होता. दोन दिवस ती काही बोलली नाही. तिसऱ्या दिवशी जेवण वाढताना म्हणाली, वाटून नाही राहिली, तो माझा हाये. मतदान होईपर्यंत त्याची अडचण नको म्हणून थांबली, आणि बाजाराच्या दिवशी काटोलला जाऊन लिहून दिलं.

"मग? ते काय म्हणाले?"

"लिहून दिलं तवापासून बोलत नाहीत. जेवतात बरोबर." तिनं एक डागी संत्रं बाजूला टाकलं. "पुढच्या वेळी बूथ दुसऱ्याले देतीन म्हणे."

"माझ्यामुळं झालं हे."

"तुमच्यामुळं कायचं? तुमी तं नाव नाही सांगितलं. मले समजलं ते. पोलीस गावात आलेच नाहीत, तवाच समजलं." तिनं हात पुसले. "आत या, पाट मांडते."

"आज तू बस पाटावर," मी म्हटलं. "मी भरायला आले आहे."

ती बसली. मी कुंकू लावलं, पदरात तांदूळ, नारळ, मोरपंखी पीस घातला. तिनं पीस उलटून पाहिला, कापड बोटांत चोळून पाहिलं आणि मान हलवली, म्हणजे पसंत होता. मग पदर सावरत तिनं सहज विचारलं,

"बाकीच्या किती जणी गेल्या वं लिहून द्याले?"

अठ्ठावीस वर्षं मला आकडा विचारला की मी आकडा सांगत आले आहे.

"तू एकटीच."

सुमन ओटीतला नारळ दोन्ही हातांनी धरून हसायला लागली.

"पाहा बरं," ती म्हणाली. "अन् मी तिथं रांग असन म्हणून भाकर बांधून गेल्ती."